‘अटक नाही, नुसतं बसवून ठेवलंय’

पत्राचा गोषवारा

ठाणे जिल्ह्यातले एक वाचक फरशी आणि प्लास्टरची कामं घेतात. त्यांच्याकडे सात-आठ वर्षं काम करणारा एक गवंडी मूळचा पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातला आहे, वय पस्तिशीच्या आसपास. अलीकडेच एका रात्री पोलीस साइटवरच्या खोल्यांतून बंगाली बोलणाऱ्या चौघा कामगारांना घेऊन गेले. तिघं दुसऱ्या दिवशी परत आले. हा मात्र तिसऱ्या दिवशीही परतलेला नाही, आणि त्याचा मोबाइलही पोलिसांकडेच आहे. वाचक पोलीस ठाण्यात गेले तेव्हा ‘अटक केलेली नाही, पडताळणीसाठी बसवून ठेवलंय, तुम्ही यात पडू नका’ असं सांगून त्यांना परत पाठवलं.

ते लिहितात: ‘त्याचं आधार कार्ड मी स्वतः पाहिलंय. माणूस सरळ आहे, माझ्या घराची किल्ली त्याच्याकडे असते. पण माझे मेहुणे पोलीस खात्यातून निवृत्त झालेत, ते म्हणतात, निर्दोष असेल तर आपोआप सुटेल, आणि अटकच नाही तर वकील कशाला? बायको घाबरलीय. तो खरंच बांगलादेशी निघाला तर आपल्यावर शेकेल, असं तिचं म्हणणं. कुणी सांगतं, त्याला कॅम्पात ठेवतील. कॅम्प म्हणजे तुरुंग तर नव्हे ना? त्याच्या बायकोचे गावाहून रोज फोन येतात, काय सांगावं कळत नाही. मी यात पडावं की नाही?’

उत्तर

तुमचं पत्र हाती येताच तुम्हाला कळवलं होतं की हे उत्तर छापून येण्याची वाट पाहू नका, आजच लेखी अर्ज द्या आणि वकील गाठा. त्यामागची कारणं आता सविस्तर लिहिते. तुमच्यासारखे ठेकेदार, सोसायट्यांचे सेक्रेटरी, घरकामाच्या मावशींचा नवरा उचलला गेला म्हणून गोंधळलेली कुटुंबं, अशा बऱ्याच जणांना ती लागणार आहेत.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. ‘अटकच नाही तर वकील कशाला?’ हे तुमच्या मेहुण्यांचं वाक्य. अटक ही खरी गंभीर गोष्ट, आणि त्याच्या अलीकडचं सगळं म्हणजे किरकोळ चौकशी, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. मला परिस्थिती नेमकी उलटी दिसते. अटक झाली असती तर कागद झाला असता. वेळ, जागा, कारण, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला दिलेली खबर, आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं, हे सगळं त्यामागून आलं असतं. आज तुमच्या गवंड्याकडे यातलं काहीच नाही. तो तीन दिवस एका खोलीत आहे आणि त्याची नोंद कुठे आहे हे कुणी सांगत नाही. त्यामुळे अटक झालेल्या माणसापेक्षा त्यालाच वकिलाची जास्त निकड आहे.

कायद्याच्या दृष्टीने माणूस कधी अडकवला गेला, हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: त्या क्षणी तो उठून दाराबाहेर जाऊ शकत होता का? जाऊ शकत नसेल तर तो कोठडीत आहे. समोर गजांची कोठडी असो, पोलीस ठाण्यातला बाक असो, समाजमंदिर असो की मंगल कार्यालयाचा हॉल, त्याने फरक पडत नाही. १९८० साली महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर खरोटे या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे स्पष्ट केलं. सक्ती करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष कब्जात असलेला माणूस कोठडीतच असतो, आणि ‘अनौपचारिक ताब्यात घेतलंय, पण अटक नाही’ किंवा ‘चौकशीसाठी ठेवलंय, पण रीतसर कोठडी नाही’ असली भाषा म्हणजे कायद्याला दिलेली बगल आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढे १९९४ मध्ये दीपक महाजन प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक अटकेत कोठडी असतेच, पण प्रत्येक कोठडीमागे रीतसर अटक असतेच असं नाही. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड अटक झालेल्या आणि कोठडीत अडकवलेल्या माणसाबद्दल बोलतो, आणि त्याला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलंच पाहिजे असं म्हणतो. हे तास त्याला खोलीतून नेलं तेव्हापासून मोजायचे. रजिस्टरात नाव कधी चढलं, यावरून नाही.

पोलिसांना माणूस बोलावण्याचे किंवा थांबवण्याचे कायदेशीर मार्ग आहेत, आणि ते असायलाच हवेत. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश देता येतो. संशयित म्हणून, पण अटक न करता बोलवायचं तर कलम ३५ खाली नोटीस देता येते. या दोन्हींत माणूस येतो, उत्तरं देतो आणि घरी जातो. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून कलम १७० खाली आधीच धरता येतं, पण तेही चोवीस तासांपुरतं. त्यापलीकडे ठेवायचं तर कायद्यातला दुसरा आधार दाखवावा लागतो. वर्तमानपत्रात ‘एमपीडीए (धोकादायक व्यक्तींना आधीच अडकवण्याचा राज्याचा कायदा) खाली स्थानबद्ध’ असं वाचता, ती प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. तिथे गुन्हा सिद्ध करायची गरज नसते आणि चोवीस तासांचा नियमही लागू नसतो. पण तिथेसुद्धा पोलीस आयुक्तांचा किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांचा लेखी आदेश लागतो, त्याची कारणं त्या माणसाला कळवावी लागतात, त्याला निवेदन देण्याची संधी द्यावी लागते, आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो. आणि शेवटचा मार्ग परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याचा. १९४६ चा जुना कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. त्याखाली परदेशी माणसाच्या हालचालींवर बंधन घालता येतं, त्याला ठरावीक ठिकाणी ठेवता येतं. तुमच्या गवंड्याला याच अधिकाराखाली ठेवलं असेल तर तो आदेश कुणाचा, कोणत्या तारखेचा, हे विचारायचं आणि प्रत मागायची. यातला एकही कागद दाखवता येत नसेल, तर जे चाललंय त्याला बेकायदा डांबून ठेवणं म्हणतात.

आता मेहुण्यांचं दुसरं वाक्य: निर्दोष असेल तर आपोआप सुटेल. खून-चोरीच्या खटल्यात हे थोडंफार तरी खरं असतं, कारण तिथे गुन्हा सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं. परदेशी असल्याच्या आरोपात हे ओझं उलटतं. आपण परदेशी नाही, हे त्या माणसानेच दाखवायचं असतं. जुन्या कायद्याच्या नवव्या कलमात तसं होतं आणि नव्या कायद्यातही ते तसंच आहे. तेव्हा गप्प बसून राहिलेला निर्दोष माणूस इथे आपोआप सुटत नाही. जुलै २०२४ मध्ये आसामच्या रहीम अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याला एक महत्त्वाची मर्यादा घातली. नुसता संशय किंवा ऐकीव माहिती पुरणार नाही. आधी प्रशासनाकडे काही ठोस आधार हवा, आणि तो त्या माणसाला सांगायला हवा. त्यानंतरच ओझं त्याच्यावर येतं. त्या माणसाच्या बाजूने निकाल लागला तो त्याच्या मृत्यूनंतर. त्याच्या घरच्यांना त्या निकालाचा काय उपयोग झाला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तुम्ही आधार कार्डाचा भरवसा धरला आहे, तोही थोडा बाजूला ठेवा. आधार कार्ड ओळख सांगतं, नागरिकत्व सांगत नाही. आधारच्या कायद्यातच तसं लिहिलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्याच एका जामीन प्रकरणात म्हटलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हातात आहे एवढ्यावरून कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. मग काय लागतं? तुमचा गवंडी पस्तिशीचा, म्हणजे १९९० च्या आसपास जन्मलेला. १ जुलै १९८७ नंतर आणि ३ डिसेंबर २००४ च्या आधी भारतात जन्मलेल्या माणसाला जन्माने नागरिकत्व मिळायला आई-वडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक असावा लागतो. म्हणून त्याच्या स्वतःच्या कागदांइतकेच त्याच्या आई-वडिलांचे कागद मोलाचे. त्याचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट असेल तर तो, वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असलेली जुनी मतदार यादी (पश्चिम बंगालमध्ये २००२ ची यादी यासाठी पाहिली जाते), गावच्या जमिनीचे दस्त, जुनं रेशन कार्ड. आणि या सगळ्यांत बाप-लेकाचं नातं जोडणारा निदान एक कागद. पंचायतीचा दाखला सोबत लावा, पण त्यावर विसंबू नका. नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा वयात फरक असेल तर तो लपवू नका, वकिलाला आधी सांगा.

इथे वेळ फार महत्त्वाचा आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहखात्याने राज्यांना सूचना दिल्या की संशयिताने आपण भारताच्या अमुक जिल्ह्यातले आहोत असं सांगितलं, तर त्या जिल्ह्याकडून तीस दिवसांत पडताळणी करून घ्यावी, आणि अहवाल आला नाही तर परत पाठवण्याची कारवाई करावी. म्हणजे मुर्शिदाबादच्या एखाद्या कचेरीत फाइल नुसती पडून राहिली तरी त्याची किंमत हा माणूस मोजणार. दुसरं म्हणजे, तीस दिवसांची ही मुदत कचेऱ्यांसाठी आहे. न्यायाधीशापुढे न नेता माणसाला तीस दिवस अडकवण्याची परवानगी त्यातून निघत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गृहखात्याचं पत्र घटनेच्या वर जाऊ शकत नाही. याच काळात काय घडलं ते बघा. जून २०२५ मध्ये मुंबईच्या आसपास काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेवर नेऊन बांगलादेशात ढकललं गेलं, आणि तिथल्या राज्य सरकारने कागद दाखवल्यावर त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीत राहणाऱ्या, मूळच्या बीरभूम जिल्ह्यातल्या एका गरोदर बाईला सीमेपार पाठवलं गेलं. कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला परत आणायचा आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि डिसेंबरमध्ये ती लहान मुलासह परत आली. तिच्या मागे वडील कोर्टात उभे राहिले म्हणून ती आली. आपोआप आली नाही.

पण तो खरंच बांगलादेशी निघाला तर? तुमच्या बायकोच्या या भीतीला मी हसण्यावारी नेणार नाही. तशी शक्यता असते, आणि कोण आत येतं हे ठरवायचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. मात्र तुम्ही मागताय ते काय? त्याला सोडून द्या, असं तुम्ही म्हणत नाही आहात. त्याला कायद्याने ठरलेल्या ठिकाणी आणि ठरलेल्या वेळेत उभं करा, एवढंच. घटनेतली काही स्वातंत्र्यं फक्त नागरिकांना आहेत, उदाहरणार्थ देशात कुठेही राहण्याचं. पण कायद्याने ठरलेल्या पद्धतीखेरीज कुणाचंही जीवित आणि स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असं सांगणारा एकविसावा अनुच्छेद ‘व्यक्ती’बद्दल आहे, आणि कायद्यापुढे समानता देणारा चौदावाही. बेकायदा आलेल्या माणसावर रीतसर गुन्हा नोंदवता येतो, नव्या कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, खटल्यानंतर परत पाठवता येतं. पोलिसांकडे हा सरळ रस्ता असताना आडवाट कशाला? शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी की तो परदेशी आहे की नाही हे कुणीतरी निःपक्षपातीपणे ठरवेपर्यंत, ते तुम्हालाही माहीत नाही आणि त्या ठाणे अंमलदारालाही.

तुमच्यावर शेकेल का, याचं सरळ उत्तर देते. माणूस बेकायदा राहतोय हे माहीत असून त्याला लपवणं, त्याला खोटे कागद करून देणं, हा गुन्हा आहे. अडकवलेल्या कामगारासाठी वकील लावणं, त्याचे कागद जमवणं, पोलीस ठाण्यात लेखी चौकशी करणं हा गुन्हा नाही. वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेनेच दिलाय आणि तो वापरायला कुणीतरी बाहेरून हात द्यावाच लागतो. मात्र एक पथ्य पाळा. तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच लिहून द्या. ‘तो भारतीय आहे’ असं शपथेवर सांगू नका, कारण ते तुम्ही पाहिलेलं नाही. ‘तो अमुक सालापासून माझ्याकडे काम करतो, या तारखेला रात्री इतक्या वाजता त्याला नेलं, तेव्हा मी किंवा अमुक माणूस हजर होता’ एवढं पुरे. त्याची मजुरी रोखीत देता, हजेरीपट नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे तुमची अडचण होईल असं वाटून तुम्ही मागे सरत असाल, तर ती अडचण वेगळी आहे आणि सुधारता येण्यासारखी आहे. त्यापायी त्याला एकटं सोडू नका.

आता कॅम्पबद्दल. ‘तुरुंग तर नव्हे ना’ असं विचारताना तुम्हाला थोडं हायसं वाटावं अशी अपेक्षा दिसते. तो दिलासा मी देऊ शकत नाही.

शिक्षा झालेल्या कैद्याला आपल्या सुटकेची तारीख माहीत असते. कच्च्या कैद्याला निदान पुढची तारीख असते, जामिनाचा अर्ज असतो. परदेशी ठरवून छावणीत ठेवलेल्या माणसाची सुटका दुसऱ्या देशाने त्याला आपला म्हणण्यावर अवलंबून असते, आणि तो देश ‘हा आमचा नाही’ म्हणाला तर तारीखच उरत नाही. आसामात हे वर्षानुवर्षं घडलं. तिथे गोआलपाडा, कोक्राझार, सिलचर, दिब्रुगड, जोरहाट आणि तेजपूर या सहा तुरुंगांच्या आतच स्थानबद्धता केंद्रं चालत होती. ज्यांच्यावर कुठलाही फौजदारी आरोप नव्हता अशी माणसं तिथे राहिली, नवरा एका केंद्रात आणि बायको दुसऱ्या, असंही झालं. लष्करात तीस वर्षं नोकरी केलेल्या एका निवृत्त माणसाला २०१९ मध्ये परदेशी ठरवून गोआलपाड्यात ठेवलं गेलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिल्यावर तो बाहेर आला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं पूर्ण झालेल्यांना एक-एक लाखाच्या दोन जामिनांवर सोडायला सांगितलं. इतके पैसे कुठून आणायचे? एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, ती अट दोन वर्षं आणि पाच हजार रुपयांवर आणली गेली. २०२१ मध्ये आसाम सरकारने ‘डिटेन्शन सेंटर’ हे नाव बदलून ‘ट्रान्झिट कॅम्प’ केलं, आणि २०२३ पासून गोआलपाडा जिल्ह्यातल्या मटिया इथल्या तीन हजार क्षमतेच्या स्वतंत्र छावणीत लोकांना हलवायला सुरुवात झाली. केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राज्यांना अशा केंद्रांसाठी नमुना नियमावली पाठवली आहे. केंद्र तुरुंगाच्या आवाराबाहेर असावं, कुटुंबाची ताटातूट करू नये, वैद्यकीय सोय असावी, असं तिच्यात आहे. तुमच्या माणसाला उद्या कुठल्या ‘होल्डिंग सेंटर’मध्ये हलवलं तर ही नियमावली वकिलाच्या हाती असू द्या.

छावण्यांचा इतिहास आपल्याला परका नाही. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या छळातून पळून भारतात आलेल्या ज्यू कुटुंबांनाही जर्मन पासपोर्टामुळे ‘शत्रू राष्ट्राचे’ ठरवून पुरंदर गडावरच्या छावणीत ठेवलं गेलं होतं. १९६२ च्या युद्धात आसाम आणि दार्जिलिंगकडच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना आगगाडीने राजस्थानातल्या देवळीला नेलं. त्यांत भारतात जन्मलेली, इथल्या भाषांखेरीज दुसरी भाषा धड न येणारी मुलं होती. त्यांच्यावर कुठला आरोप नव्हता. काहींना बाहेर यायला वर्षं लागली, आणि परतल्यावर अनेकांची घरं-दुकानं त्यांची उरली नव्हती. एखाद्या माणसाने काय केलं हे न विचारता तो कुठल्या लोकांपैकी आहे एवढंच पाहिलं, की प्रशासन कुठवर जाऊ शकतं ते या दोन्हींतून दिसतं. तुमच्या साइटवरून ‘बंगाली बोलणारे चौघं’ निवडून नेले, हे वाचताना मला देवळी आठवली.

तेव्हा तुम्ही यात पडा. कसं, ते सांगते.

मेहुण्यांना सोबत न्या. स्टेशन डायरीत काय लिहिलं जातं आणि काय लिहायचं टाळलं जातं, हे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाइतकं कुणाला कळणार? त्यांना वाद घालायला सांगू नका; वरिष्ठ निरीक्षकांना शांतपणे विचारायला सांगा की याची नोंद कुठल्या क्रमांकावर आहे आणि कोणत्या कलमाखाली ठेवलंय. सोबत लेखी अर्ज असू द्या, मराठीत, एका पानाचा. त्याला कधी, कुठून, कुणासमोर नेलं ते लिहा. ठेवण्याची कारणं, आदेशाची प्रत, वकिलाला भेटण्याची परवानगी आणि वैद्यकीय तपासणी मागा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं त्या रात्रीपासूनचं चित्रीकरण जपून ठेवावं, हेही त्यात घाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि चित्रीकरण किमान वर्षभर जपणं बंधनकारक केलं आहे, आणि पुढे तो माणूस ‘इथे नव्हताच’ असं कुणी म्हणालं तर हाच पुरावा कामी येतो. अर्जाची पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथेच भांडत बसू नका. तोच अर्ज पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांना ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा, म्हणजे वेळेचा शिक्का तुमच्याकडे राहतो. अटक दाखवली गेली, तर कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली का ते बघा. वरळीच्या मोटार अपघात प्रकरणातून निघालेल्या निकालात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं आहे. तुमच्या गवंड्याला बंगाली समजतं, मराठी कामापुरतं. मराठी कागदावर घेतलेल्या त्याच्या सहीला किती अर्थ आहे, हे वकिलाने न्यायालयात विचारायला हवं.

वकिलाचा खर्च परवडणार नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोठडी सरकारी कागदावर दाखवलेली नाही म्हणून कुणी नाही म्हणालं, तर अर्जाची पोच दाखवा.

एवढं करूनही दार उघडलं नाही तर कोर्टाचे दोन रस्ते आहेत. एक जवळचा आणि लोकांना फारसा माहीत नसलेला: नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १००. एखाद्याला बेकायदा डांबून ठेवलंय असं मानायला कारण असेल तर न्यायदंडाधिकारी शोधाचं वॉरंट काढून त्याला समोर आणवू शकतात. दुसरा, मुंबई उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका. ‘ज्याला अडकवलंय त्याला आमच्यापुढे आणा आणि कशाच्या आधारावर अडकवलंय ते सांगा’, एवढाच तिचा गाभा. ती त्याच्या बायकोच्या, भावाच्या किंवा त्याचा हितचिंतक म्हणून तुमच्या नावानेही करता येते. ही याचिका दाखल होतेय असं कळल्यावर पुष्कळदा माणूस त्याच संध्याकाळी सोडला जातो किंवा त्याची अटक तरी रीतसर दाखवली जाते. दोन्ही आजच्यापेक्षा बरं. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच रस्ता मिसाबंदींसाठी, म्हणजे मिसा कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांसाठी, बंद केला होता. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले. नंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही एकविसावा अनुच्छेद गोठवता येणार नाही अशी तरतूद केली, आणि २०१७ मध्ये तो निकालच रद्दबातल ठरवला गेला. इतक्या झगड्याने उघडा राहिलेला रस्ता आहे, तो वापरताना संकोच नको.

हे वाचणाऱ्या इतर ठेकेदारांना एक सांगते. कामगारांचे कागद माणूस उचलला गेल्यावर शोधायचे नसतात. त्यांच्या कागदांच्या प्रती त्यांच्याच संमतीने एका ठिकाणी ठेवा, मूळ कागद कधीही स्वतःकडे ठेवून घेऊ नका, आणि गावाकडच्या दोन नातेवाइकांचे नंबर लिहून ठेवा. हजेरीपट ठेवा. नव्वद दिवस कामाचा दाखला देऊन त्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या. तिने नागरिकत्व सिद्ध होत नाही, पण हा माणूस कोण, कुठे, कधीपासून राबतोय याची सरकारी नोंद होते, आणि त्याच्या मुलांना शिष्यवृत्तीही मिळते.

राहिला त्याच्या बायकोचा फोन. तिला ‘काळजी करू नका, सुटेल’ असं सांगू नका. तो कुठल्या पोलीस ठाण्यात आहे, कधीपासून, तुम्ही कोणता अर्ज कुणाला दिला, वकिलाचं नाव काय, हे सांगा आणि बंगाली जाणणाऱ्या कुणाकडून तिला पुन्हा समजावून सांगा. कागदांचे फोटो तिच्याकडून आजच मागवा, मूळ कागद घेऊन तिच्या दिराला किंवा भावाला तिथल्या पोलीस ठाण्यात आणि मुर्शिदाबादच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात पाठवा. महाराष्ट्रातून पडताळणीचं पत्र आलंय का, हे त्यांनी रोज जाऊन विचारावं. पश्चिम बंगालमध्ये स्थलांतरित कामगारांसाठी कल्याण मंडळ आहे, तिथेही अर्ज द्यावा. आणि त्याची या महिन्याची जी मजुरी तुमच्याकडे बाकी असेल, ती तिच्या खात्यावर पाठवून द्या. तिला या धावपळीसाठी पैसे लागणार आहेत.